‘श्यामची आई’ आणि वयानुरूप संस्कारशिक्षण : एक पुनर्विचार

प्रास्ताविक

मुलांना हिंदू संस्कृतीची व मूल्यांची ओळख कशी करून द्यावी, हा प्रश्न महाराष्ट्रातील सुशिक्षित कुटुंबांत गेली अनेक वर्षे चर्चिला जात आहे. संयुक्त कुटुंब विरळ झाले, आजी-आजोबा दूर राहिले, आई-वडील दोघेही नोकरीनिमित्त घराबाहेर असतात. त्यामुळे संध्याकाळची ‘शुभं करोति’ म्हणण्याची वेळ आता क्लासच्या वेळापत्रकात हरवली आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी संस्कारवर्ग, सुट्टीतील शिबिरे, स्तोत्रपठणाच्या स्पर्धा आणि सचित्र कथापुस्तके पुढे आली. या सर्व प्रयत्नांमागील तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि या प्रयत्नांत एक मूलभूत प्रश्न सहसा विचारला जात नाही. पाच वर्षांच्या मुलाला, दहा वर्षांच्या मुलीला आणि पंधरा वर्षांच्या युवकाला एकच गोष्ट, एकाच पद्धतीने आणि एकाच तात्पर्यासह सांगता येईल काय?

सदर लेखात या प्रश्नाचा विचार साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या ग्रंथाच्या आधारे करावयाचा आहे. हा ग्रंथ निवडण्याचे कारण असे की, मराठी समाजात बालसंस्काराचे पुस्तक म्हटले की प्रथम याच पुस्तकाचे नाव घेतले जाते. वाढदिवसाला, मुंजीला, शालेय बक्षीस समारंभाला ते भेट दिले जाते. मात्र भेट देताना मुलाचे वय क्वचितच विचारात घेतले जाते. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, या ग्रंथात वयानुरूप संस्काराची एक स्पष्ट वाटचाल आहे. परंतु आपण त्यातील बाल्याचाच भाग उचलून तो सर्व वयांना लावला आहे. परिणामी ग्रंथातील सर्वांत मोलाचा विचार दुर्लक्षित राहिला आहे.

परंपरेतील वयाचा विचार

शिक्षणात वयाचा विचार ही आधुनिक मानसशास्त्राची देणगी आहे, असा एक समज आहे. तो पूर्णपणे बरोबर नाही. मुलाचे पहिली पाच वर्षे लाड करावेत, पुढील दहा वर्षे त्याला धाकात ठेवावे आणि सोळावे लागताच त्याच्याशी मित्राप्रमाणे वागावे, अशा अर्थाचे संस्कृत सुभाषित आपल्याकडे पिढ्यानपिढ्या ऐकवले गेले आहे. गृह्यसूत्रांनी उपनयनाची वर्षे ठरवून दिली : ब्राह्मणाला आठवे, क्षत्रियाला अकरावे, वैश्याला बारावे. या क्रमात शूद्रांना स्थान नव्हते आणि पुढील काळात मुलींसाठी विवाह हाच उपनयनाचा पर्याय मानला गेला, ही वस्तुस्थिती विसरून चालणार नाही. परंपरेने वयाचा विचार केला, पण सर्व मुलांचा केला नाही.

याच परंपरेत दुसराही एक प्रवाह आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत अध्ययन पूर्ण करून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य निरोप देतात. माता, पिता, आचार्य आणि अतिथी यांना देव मानण्याचा त्यातील उपदेश सर्वपरिचित आहे. संस्कारवर्गाच्या भिंतीवर तो लिहिलेलाही असतो. परंतु त्यालाच लागून आचार्य असेही सांगतात की, आमचे जे चांगले आचरण असेल तेवढेच तू घे, इतर घेऊ नकोस. कठोपनिषदातील नचिकेता तर वयाने लहान आहे. दूध आटलेल्या, जराजर्जर गाई दान देणाऱ्या पित्याला तो प्रश्न विचारतो आणि त्या प्रश्नापासूनच उपनिषदाचा आरंभ होतो. म्हणजे आज्ञापालन आणि विवेक ही दोन्ही मूल्ये एकाच परंपरेने दिलेली आहेत. कोणत्या वयात कोणत्या मूल्यावर भर द्यावा, हा खरा शैक्षणिक प्रश्न आहे.

ग्रंथाची घडण

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या काही दिवसांत लिहिले आणि १९३५ साली ते प्रकाशित झाले. तत्पूर्वी १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेर येथे शिक्षक होते व तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांनी सांभाळली होती. घरापासून दूर राहणारी मुले त्यांनी जवळून पाहिली होती. त्यामुळे हा ग्रंथ एका पुत्राने लिहिला तसाच तो एका अनुभवी शिक्षकानेही लिहिला, हे लक्षात ठेवले पाहिजे.

ग्रंथात बेचाळीस रात्री आहेत. आश्रमात सायंप्रार्थना झाल्यावर प्रौढ श्याम आपल्या सोबत्यांना व जमलेल्या गावकऱ्यांना आईच्या आठवणी सांगतो, अशी रचना आहे. ही चौकट केवळ सोय म्हणून आलेली नाही. आई लहान श्यामला जे सांगते ते एक कथन आणि प्रौढ श्याम श्रोत्यांना जे सांगतो ते दुसरे कथन. पहिल्यात वात्सल्य आहे. दुसऱ्यात वात्सल्याबरोबर चिंतन, पश्चात्ताप आणि समाजाविषयीचे भाष्य आहे. पाठ्यपुस्तकासाठी किंवा संस्कारवर्गासाठी उतारा निवडताना बहुधा पहिले कथन घेतले जाते व दुसरे वगळले जाते. तेथेच ग्रंथाचे अर्धे शिक्षण हरवते.

बाल्य : कृतीतून संस्कार

आठ वर्षांपर्यंतच्या मुलाला अमूर्त कल्पना समजत नाहीत. त्याला स्पर्श, कृती आणि माणसे समजतात. साने गुरुजींनी हे अचूक ओळखले होते. ‘थोर अश्रू’ या प्रकरणातील प्रसंग सर्वांना आठवतो. आंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागेल म्हणून श्याम हट्ट करतो आणि आई आपल्या लुगड्याचा पदर दगडावर पसरते. मुलाने त्यावर पाय ठेवल्यानंतरच, पायांना जपतोस तसे मनालाही जप, या अर्थाचे ती बोलते. येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी मुलाचा हट्ट पुरवला जातो, मग विचार सांगितला जातो आणि तोही एका वाक्यात.

‘मुकी फुले’मध्ये उमलण्यापूर्वीच कळ्या तोडण्याचा प्रसंग आहे, ‘भूतदया’मध्ये घरट्यातून पडलेल्या पिलाची शुश्रूषा आहे. अहिंसा हा शब्द शिकवण्यापूर्वी मुलाच्या ओंजळीत एक पिलू दिले आहे. येथे देवपूजा, तुळस, फुले, व्रते ही सर्व हिंदू घरातील सामग्री आहे. पण विधी हा स्वतः धडा होत नाही. तो धड्याचे निमित्त होतो. आजच्या अनेक संस्कारवर्गांत नेमके उलटे दिसते. तेथे स्तोत्र पाठ झाले की संस्कार झाला असे मानले जाते. पाठांतराचे मूल्य नाकारण्याचे कारण नाही. उच्चार, स्मरणशक्ती व लय यांसाठी ते उपयुक्तच आहे. परंतु ‘मनाचे श्लोक’ अस्खलित म्हणणाऱ्या मुलाने घरकाम करणाऱ्या बाईंना एकेरीत हाक मारली, तर पाठांतर झाले आणि संस्कार राहून गेला असेच म्हणावे लागेल.

मधले वय : श्रम, नियम आणि शिक्षा

आठ ते बारा या वयात मुलाला नियम, न्याय आणि आपली कुवत यांचे भान येऊ लागते. ‘पत्रावळ’ हे प्रकरण या दृष्टीने वाचावे. स्वतःची पत्रावळ स्वतः लावावी, हा घरचा नियम आहे. टाळाटाळ करणारा श्याम अखेर ती लावण्यास शिकतो. श्रमप्रतिष्ठा हे मूल्य शालेय परिपाठात फलकावर लिहिले जाते; येथे ते पानाला टाचलेल्या काडीतून शिकवले आहे. ‘अळणी भाजी’मध्ये वडील मीठ नसलेली भाजी एक शब्दही न बोलता जेवतात. संयमाचा हा धडा मुलाला कोणी दिलेला नाही. त्याने तो पंगतीत बसून पाहिला आहे. ‘मोठा होण्यासाठी चोरी’ या प्रकरणात तर हेतू चांगला आणि मार्ग वाईट, असा नैतिक पेच आहे. पाच वर्षांच्या मुलाला यातील चोरी तेवढी दिसेल. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला त्यातील पेचही कळेल.

या टप्प्यावर ‘श्यामचे पोहणे’ या प्रकरणाचा विचार टाळता येत नाही. पाण्याला भिऊन लपून बसलेल्या श्यामला आई मारते, पोहायला पाठवते आणि नंतर स्वतःच रडते. वर उल्लेखिलेल्या सुभाषितातील धाकाची दहा वर्षे ती हीच. अनेक व्याख्याने या प्रसंगाचा आधार घेऊन मुलांना मारण्याचे समर्थन करतात. हे वाचन एकांगी आहे. प्रसंगाचा भर माराच्या परिणामकारकतेवर नसून माराने आईला झालेल्या वेदनेवर आहे. मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, ही तिची चिंता आहे. तरीही आजच्या वाचकाने एवढ्यावर थांबू नये. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई आहे. कायद्याने शाळेत निषिद्ध ठरवलेली गोष्ट संस्काराच्या नावाने गौरवली जाऊ नये. हा उतारा मधल्या वयाच्या मुलांना शिकवताना, आईला मारण्यावाचून दुसरा मार्ग होता का, हा प्रश्न वर्गात उपस्थित झाला पाहिजे. मुले याचे उत्तर उत्तम देतात. कारण भीतीचा अनुभव त्यांना मोठ्यांपेक्षा ताजा असतो.

किशोरावस्था : मोळीचा प्रसंग आणि अपूर्ण राहिलेला धडा

ग्रंथाच्या उत्तरार्धात वातावरण बदलते. कर्ज, सावकार, घरावर येणारी जप्ती, आईचे आजारपण आणि मृत्यू हे विषय येतात. ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’ किंवा ‘अब्रूचे धिंडवडे’ ही प्रकरणे लहान मुलांना वाचून दाखवण्यासारखी नाहीत. ती पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी आहेत. सद्गुणी माणसालाही दारिद्र्य भोगावे लागते आणि चांगुलपणाचे फळ चांगलेच मिळेल याची हमी नसते, हे सत्य त्या वयाला पेलते. बालकथांतील गोड शेवट येथे नाही. संस्कारांच्या पुस्तकात हे असावे, ही गोष्ट फार मोलाची आहे.

मात्र किशोरांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे प्रकरण ‘देवाला सारी प्रिय’ हे आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील एका म्हातारीला लाकडाची मोळी डोक्यावर घेता येत नाही. आई श्यामला तिच्या मदतीला पाठवते आणि घरी येऊन आंघोळ करण्यासही सांगते. त्या काळातील कोकणातील ब्राह्मण घराच्या मर्यादेत ही कृती धाडसाची होती, यात संशय नाही. पण ती आंघोळ तेथे आहे. हा उतारा शिकवताना अनेकदा मदतीचा गौरव केला जातो आणि आंघोळीच्या उल्लेखावरून घाईने पुढे जाण्यात येते.

या घाईत एक मोठी संधी गमावली जाते. वर्गात बसलेल्या मुलांपैकी काहींच्या पणज्या त्या मोळीखाली होत्या. त्यांनी हा प्रसंग कोणत्या बाजूने वाचावा? कथेचे केंद्र श्याम व त्याची आई आहेत. म्हातारी ही त्यांच्या करुणेचे निमित्त आहे. करुणा हे मूल्य थोर असले तरी समता हे त्याहून वेगळे मूल्य आहे आणि पहिल्याने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही. ग्रंथ लिहिला गेला त्यापूर्वी सहा वर्षे, २० मार्च १९२७ रोजी, कोकणातच महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला होता. तेथे मदतीची याचना नव्हती. पाण्यावरील हक्काचे प्रतिपादन होते. किशोरवयीन विद्यार्थ्यांना ‘देवाला सारी प्रिय’ शिकवताना महाडचा उल्लेख आला नाही, तर तो धडा अपुरा राहतो.

परंतु न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, स्वतः साने गुरुजी त्या आंघोळीपाशी थांबले नाहीत. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण केले. आईने मोळी उचलायला सांगितली आणि वर आंघोळही सांगितली. मुलाने मोळी लक्षात ठेवली व आंघोळ सोडून दिली. आमचे चांगले तेवढेच घे, या उपनिषदातील निरोपाचे याहून नेमके उदाहरण मराठी सांस्कृतिक इतिहासात सापडणे कठीण आहे. संस्कार यशस्वी झाला याची खूण मूल पालकांसारखे झाले ही नव्हे. पालकांनी जेथे पाऊल थांबवले तेथून मूल पुढे गेले, ही ती खूण होय.

ग्रंथाच्या मर्यादा

पुनर्वाचनात ग्रंथाच्या मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. पहिली मर्यादा स्त्रीविषयक आदर्शाची. ही आई उपास करते, कष्टते, अपमान सोसते व अल्प वयात जाते. तिच्या त्यागाचा गौरव करताना, तिला दुसरा पर्याय होता का, हा प्रश्न बहुधा उपस्थित होत नाही. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी काढलेल्या व राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या चित्रपटाने ही त्यागमूर्ती घराघरांत अधिकच दृढ केली. मुलींनी या पुस्तकातून सोसण्याचाच आदर्श घ्यावा, अशी अपेक्षा असेल तर ते योग्य नाही. मात्र ग्रंथातच याला छेद देणारे धागे आहेत. ‘सावित्री-व्रत’ या पहिल्याच रात्री आजारी आईच्या वतीने वडाला प्रदक्षिणा घालण्याचे काम मुलाकडे येते आणि बायकांच्या व्रतात मुलाने जाण्याची लाज आई दूर करते. ‘अर्धनारी नटेश्वर’मध्ये घरकामाला पुरुषाचा हात लागतो. मुलग्यांच्या वर्गात ही दोन प्रकरणे आवर्जून शिकवली जावीत.

दुसरी मर्यादा सामाजिक अनुभवाची आहे. हे घर कोकणातील एका ब्राह्मण खोतकुटुंबाचे, उतरत्या काळातले घर आहे. तेथील आचार म्हणजेच समग्र हिंदू संस्कृती, असा समज मुलांच्या मनात निर्माण होता कामा नये. वारी, जागरण-गोंधळ, ग्रामदैवतांच्या जत्रा, जात्यावरच्या ओव्या हा देखील संस्कृतीचाच भाग आहे व बहुसंख्य मुले त्याच वातावरणातून येतात. वरच्या वर्गात लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ व दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) यांतील निवडक भाग सोबत ठेवल्यास विद्यार्थ्यांना सोवळ्याची विसंगती व वेशीबाहेरचे बालपण या दोन्ही बाजू दिसतील.

तिसरी मर्यादा भावविवशतेची. अश्रूंचे प्रमाण आजच्या मुलाला अधिक वाटते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती अगदीच अनाठायी नाही. पण भाव वगळून कोरडे तात्पर्य सांगणे हा त्यावरील उपाय नव्हे. प्रकरणे निवडून, थोडी थोडी, मोठ्याने वाचणे हा अधिक योग्य उपाय आहे. तसेही मूळ ग्रंथात एका रात्री एकच गोष्ट सांगितली आहे.

शाळा, घर आणि संविधान

या चर्चेला एक घटनात्मक बाजू आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णतः शासकीय निधीतून चालणाऱ्या शैक्षणिक संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अरुणा रॉय विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने धर्मांविषयीची माहिती व मूल्ये यांचे अध्ययन आणि धार्मिक शिक्षण यांत भेद केला. म्हणून शाळेने या ग्रंथाकडे साहित्यकृती म्हणून पाहावे व सर्व धर्मांच्या मुलांना त्यात प्रवेश मिळेल अशा रीतीने ती शिकवावी. उपासना व व्रतवैकल्ये हा घराचा प्रांत आहे. घराने आपले काम शाळेवर वा वर्गावर सोपवू नये आणि शाळेने घराची जागा घेऊ नये.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ, आठ ते अकरा, अकरा ते चौदा व चौदा ते अठरा असे वयाचे चार टप्पे मानले आहेत. त्यांना अनुसरून ग्रंथाची मांडणी सहज करता येईल. पहिल्या टप्प्यात पदर, फुले व पिलू यांच्या गोष्टी केवळ सांगाव्यात. तात्पर्य विचारू नये. दुसऱ्यात पत्रावळीसारख्या कृती प्रत्यक्ष करून घ्याव्यात. तिसऱ्यात चोरी व पोहणे यांतील नैतिक पेचांवर मुलांना बोलू द्यावे. चौथ्यात कर्ज, जात व स्त्रीचे स्थान यांवर चिकित्सा व्हावी आणि ग्रंथाशी मतभेद व्यक्त करण्याची पूर्ण मुभा असावी. अध्यापक महाविद्यालयांनी छात्राध्यापकांकडून अशा पाठांची टाचणे करून घेतल्यास चर्चेला प्रत्यक्ष रूप येईल.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, संस्कारशिक्षणाचे अपयश हे बहुतेक वेळा मूल्यांचे अपयश नसते. ते वयाचे भान सुटल्याचे अपयश असते. पाच वर्षांच्या मुलाला तत्त्वज्ञान सांगितले तर ते कंटाळते. पंधरा वर्षांच्या मुलाला पाच वर्षांच्या मुलाचे तात्पर्य सांगितले तर ते दूर जाते, आणि मग आपण म्हणतो की नव्या पिढीला संस्कृतीची आस्था नाही. वास्तविक त्या मुलाच्या मनात प्रश्न असतात; त्यांना जागा मिळालेली नसते. ‘श्यामची आई’ हे पुस्तक ती जागा देऊ शकते, मात्र त्यासाठी आपण त्याची पूजा थांबवून ते वाचावयास हवे. मोळी उचलण्याचा धडा आपण तीन पिढ्या शिकवला. आंघोळीविषयी मुलाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याची तयारी आता शिक्षकांनी व पालकांनी केली पाहिजे.